रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखू लागली आणि गार पाणीही सोसत नाही: काय करावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वरच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल सहा वर्षांपूर्वी झाले. तीन बैठकांत काम संपले, ठणका थांबला आणि दाढ शांत झाली. कॅप लगेच बसवून घ्या, असे मला सांगितले होते. पण दुखत नाही म्हणून मी ते पुढे ढकलत गेले आणि शेवटी पाच महिन्यांनी कॅप बसवली. मधल्या काळात तात्पुरत्या सिमेंटचा एक तुकडा निघाला होता आणि दोन आठवडे मी तो तसाच राहू दिला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आताच्या दुखण्याशी त्याचा संबंध असेल तर तो मला समजून घ्यायचा आहे.

गेल्या दोन महिन्यांपासून त्या दाढेवर घास आला की आत खोलवर दुखते. ठणका नाही, झोपमोड नाही. पण दाढ किंचित उंच झाल्यासारखी वाटते आणि नकळत मी दुसऱ्या बाजूने चावू लागले आहे. शिवाय त्याच बाजूला गार पाणी लागले की सणकन कळ जाते आणि दोन-तीन क्षणांत थांबते. ब्रश करतानाही कधी कधी तशीच कळ येते.

एका दंतवैद्यांनी एक्स-रे काढला, मुळाच्या टोकाशी काळसर सावली दिसते असे सांगितले आणि रूट कॅनाल पुन्हा करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी तोच एक्स-रे पाहून, एकदा फसलेल्या दाढेवर पुन्हा वेळ आणि पैसा घालवण्यापेक्षा ती काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवा, असे सुचवले. दोघांनीही मला नीट वेळ दिला, दोघांचे बोलणे पटण्यासारखे होते आणि म्हणूनच निर्णय अधिक अवघड झाला आहे.

नस काढून टाकलेली दाढ दुखते कशी? गार पाण्याची कळ त्याच दाढेची आहे की आणखी कशाची? पुन्हा केलेले रूट कॅनाल टिकते का? आणि मनाला लागलेली गोष्ट म्हणजे, मी रोज दोन वेळा कडक केसांच्या ब्रशने, चांगला जोर लावून दात घासते. मग माझे चुकले कुठे?

पहिला प्रतिसाद (दंतवैद्य, मुळांच्या उपचारांचे काम करते)

तोंडात न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे मी जे लिहिते आहे ते तुमच्या दंतवैद्यांना काय विचारायचे हे ठरवण्यापुरते समजावे. मात्र एक गोष्ट मला प्रश्न वाचतानाच जाणवली. तुम्ही दोन वेगळी दुखणी सांगितली आहेत आणि दोन्ही सल्ले जणू एकाच दुखण्यावर दिलेले आहेत. चावताना होणारी वेदना आणि गार पाण्याची कळ यांची वाट वेगळी असते, आणि ती वेगळी केल्याशिवाय ना दाढ उघडावी, ना काढावी.

ज्याला आपण नस म्हणतो तो दाताच्या पोकळीतला मऊ भाग असतो. त्यात रक्तवाहिन्याही असतात आणि मज्जातंतूही. रूट कॅनालमध्ये हा भाग पूर्ण काढून, मुळांतील नळ्या स्वच्छ करून, त्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. त्यामुळे त्या दाताला गार-गरम कळणे बंद होते. पण दात हाडात थेट रोवलेला नसतो, तो बारीक तंतूंच्या पडद्याने हाडाला टांगलेला असतो आणि त्या पडद्यात दाब जाणणारे स्वतंत्र मज्जातंतू असतात. रूट कॅनाल त्यांना हातही लावत नाही. मुळाच्या टोकाशी जंतूंमुळे सूज आली की हा पडदा फुगतो, दाढ अगदी थोडी वर उचलली जाते आणि चावताना आत दुखते. तुम्ही लिहिलेले 'उंच झाल्यासारखे वाटणे' याच प्रकारात बसते.

गार पाण्याची कळ मात्र या दाढेकडून येण्यासाठी तिच्या एखाद्या नळीत जिवंत नस शिल्लक राहिलेली असावी लागेल. हे अशक्य नाही. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुतेक वेळा तीन मुळे असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक दाढांत एकाऐवजी दोन नळ्या असतात. ही चौथी नळी अतिशय अरुंद असते, तिचे तोंड डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, लहानशा कडेखाली झाकलेले असते आणि साध्या डोळ्यांना ती सहज हुलकावणी देते. या दाढेची रूट कॅनाल पुन्हा करावी लागण्यामागे राहून गेलेली चौथी नळी हे मला वारंवार दिसणारे कारण आहे. तरीही अशा नळीतली नस सहसा इतकी वर्षे जिवंत राहत नाही. ती मरते आणि तिथे जंतू वाढतात. शिवाय तुमची कळ क्षणात येते, क्षणात जाते आणि ब्रश लागल्यावरही येते. हे वर्णन शेजारच्या एखाद्या दाताच्या उघड्या पडलेल्या मुळाशी जास्त जुळते. एका बाजूची वेदना नेमक्या कोणत्या दाताची आहे हे सांगताना रुग्णाचा अंदाज चुकणे नेहमीचेच आहे, कधी कधी तर वरचा दात की खालचा हेही कळत नाही.

म्हणून आधी तपासणी पूर्ण करून घ्या. त्या बाजूच्या प्रत्येक दाताला, वरच्या आणि खालच्याही, एकेक करून गार बोळा लावून पाहावा. प्रत्येक दातावर हलकेच ठोकून आणि दाढेच्या एकेका टोकावर चावायला सांगून वेदना कुठे होते ते नोंदवावे. हिरडी आणि दात यांच्यामधील फट मोजण्याच्या सळईने दाढेभोवती सर्व बाजूंनी मोजमाप घ्यावे. या शेवटच्या तपासणीला रुग्ण फारसे महत्त्व देत नाहीत, पण निर्णय फिरवण्याची ताकद तिच्यातच असते: सगळीकडे फट उथळ आणि एकाच ठिकाणी अरुंद व खोल असेल तर मूळ उभे चिरलेले असण्याचा दाट संशय घ्यावा लागतो. उभ्या चिरलेल्या मुळावर पुन्हा रूट कॅनाल करण्यात अर्थ नसतो. हिरडीवर एखादी छोटी पुळी येऊन फुटते का, हेही पाहा. अशी पुळी दुखत नाही, कारण पू साठून न राहता तिच्यातून बाहेर पडत असतो, आणि दुखत नाही म्हणूनच लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

एक्स-रे दोन वेगवेगळ्या कोनांतून काढावा, कारण एकाच कोनात दोन नळ्या एकमेकींमागे लपतात. तरी शंका राहिली तर त्या भागाचा त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढता येतो. सहा वर्षांपूर्वीचे एक्स-रे मिळाले तर फार बरे. काळी सावली आज दिसते एवढ्यावरून ती नवी आहे, वाढते आहे की आधीची मोठी सावली भरून येत आहे, हे सांगता येत नाही. मुळाच्या टोकाचे हाड भरायला काही वेळा चार वर्षेही लागतात.

उपचार का फसतो, याचे उत्तर शेवटी जंतूंपाशी येते. १९६५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला होता. त्यांच्या दाढा मुद्दाम कोरून नस उघडी ठेवली. नेहमीच्या वातावरणातल्या उंदरांची नस सडली आणि मुळाशी गळू झाले. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस मात्र जिवंत राहिली आणि जखमेवर डेंटिनचा नवा थरही तयार झाला. जखम दोघांना सारखीच होती, फरक केवळ जंतूंचा होता. रूट कॅनाल झालेल्या दाढेत हे जंतू दोन वाटांनी टिकतात किंवा परततात: आत साफ न झालेल्या जागेतून, किंवा वरून झिरपणाऱ्या लाळेतून. तुमचा तात्पुरत्या सिमेंटचा तुकडा निघाला आणि कॅप पाच महिने लांबली, ही दुसरी वाट होऊ शकते. तुम्ही विचारले म्हणून स्पष्ट लिहिते: त्याचा संबंध असू शकतो. पण दोष तुमचाच आहे असे ठरवण्याआधी चौथी नळी शोधली गेली होती का, ते पाहू या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पहिल्या रूट कॅनालच्या तुलनेत दुसऱ्याचे यश थोडे कमी असते. ढोबळ मानाने दहापैकी आठ दाढा वाचतात. कारण सुधारता येण्यासारखे असेल, म्हणजे राहिलेली नळी, अपुरे भरलेले टोक किंवा गळकी कॅप, तर आशा अधिक. आधीच्या उपचारात नळीची मूळ वाटच बिघडली असेल तर कमी. मूळ चिरलेले असेल, कॅप धरून ठेवण्याइतका दात शिल्लक नसेल किंवा आजूबाजूचे हाडच गेले असेल, तर दाढ काढण्याचा सल्ला योग्य आहे आणि तो मीही देईन. इम्प्लांट हा चांगला उपचार आहे. परंतु त्याच्याभोवती तंतूंचा तो पडदा नसतो आणि त्याच्याभोवतीच्या हाडालाही जंतूंचा संसर्ग होतो. वाचण्यासारखी दाढ काढून इम्प्लांट बसवण्याची घाई करू नये, या मताशी मी ठाम आहे. दाढ वाचवण्याचा प्रयत्न फसला तर इम्प्लांटचा मार्ग सहसा खुला राहतो, पण काढलेली दाढ परत बसत नाही.

मध्येच चेहऱ्यावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुसरा प्रतिसाद (हाच उपचार घेतलेला वाचक)

मी वैद्य नाही; पण तीन वर्षांपूर्वी खालच्या दाढेचे रूट कॅनाल मी पुन्हा करून घेतले आहे, ज्याला दवाखान्यात 'री-आरसीटी' म्हणतात. म्हणून रुग्णाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट माझ्या चुकीची. दाढ पुन्हा दुखू लागली तेव्हा मी आठ महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. पहिल्या वेळी त्या लिहून मिळाल्या होत्या, नंतरच्या दोन्ही वेळी जुनी चिठ्ठी दाखवून मीच आणल्या. दर वेळी चार दिवसांत आराम पडायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत दुखणे परत यायचे. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारण समजावले, तेव्हा ते इतके साधे होते की आधी का सुचले नाही याचे मला वाईट वाटले. औषध रक्तातून पोहोचते. रूट कॅनाल झालेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, त्यामुळे नळीत बसलेल्या जंतूंपर्यंत गोळी जातच नाही. ती बाहेर पसरलेला संसर्ग दबवते, मूळ घर तसेच राहते. त्या आठ महिन्यांत माझ्या मुळाशी असलेली सावली वाढली होती, हे दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावर मला स्वतःला दिसले.

प्रत्यक्ष उपचाराची मला फार धास्ती होती, आणि ती बरीचशी अनाठायी निघाली. दुसऱ्या वेळी दाढेत जिवंत नस नसते, त्यामुळे पहिल्या वेळेसारखा ठणका घेऊन खुर्चीत बसावे लागत नाही. तरी भूल दिली होती आणि मला काही जाणवले नाही. कंटाळवाणा होता तो वेळ. पहिली बैठक जवळजवळ दोन तास चालली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला होता, त्यामुळे लाळ आत जात नव्हती आणि औषधी द्रव घशात येत नव्हते. जुना गटापर्चा थोडा थोडा मऊ करून काढण्यातच निम्मा वेळ गेला. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. नंतर आत औषध भरून दाढ बंद केली, दोन आठवड्यांनी पुन्हा धुऊन कायमची भरली.

पहिल्या बैठकीनंतर तीन दिवस दाढ चांगलीच दुखली. याची कल्पना मला आधी दिली होती म्हणून मी घाबरलो नाही. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर ते दिवस निभावले. तुम्हालाही तसे झाले तर उपचार बिघडला असे लगेच समजू नका, मात्र सूज वाढत असेल तर कळवा. सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये सावली लहान झाली होती आणि दीड वर्षानंतर जवळजवळ दिसत नव्हती. चावताना मी आता दोन्ही बाजू वापरतो.

आणखी एक सांगतो. उपचार सुरू करण्याआधी मी डॉक्टरांना विचारले होते, "दाढ उघडल्यावर चीर दिसली तर तुम्ही काय कराल?" त्यांनी, "तिथेच थांबेन, तुम्हाला दाखवेन आणि पुढचे पैसे घेणार नाही," असे सरळ सांगितले. त्या उत्तराने माझा विश्वास बसला. हा प्रश्न तुम्हीही विचारा.

तिसरा प्रतिसाद (हिरड्यांच्या उपचारांचे काम करणारा दंतवैद्य)

दाढेविषयी वर सविस्तर लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. मी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहितो, कारण 'कडक केसांच्या ब्रशने, चांगला जोर लावून' हे शब्द वाचून मला गार पाण्याच्या कळेचा उगम तिथेच असावा असे वाटले.

दाताचा हिरडीबाहेरचा भाग एनॅमलने झाकलेला असतो, मुळावर मात्र एनॅमल नसते. हिरडी मागे सरकली की मुळाचा पातळ थर उघडा पडतो, काही दिवसांत घासून जातो आणि आतले डेंटिन तोंडातल्या पाण्या-हवेला सामोरे येते. डेंटिनमध्ये एकेका चौरस मिलिमीटरमागे हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. गार पाणी, हवेचा झोत किंवा ब्रशचे केस लागले की हा द्रव नलिकांत झपाट्याने हलतो आणि आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना चाळवतो. मार्टिन ब्रॅनस्ट्रोम या स्वीडिश दंतशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी हे स्पष्टीकरण भक्कम केले. दात शिवशिवतात तेव्हा कळ क्षणभरच का टिकते, हेही त्यातून उलगडते: द्रवाची हालचाल थांबली की कळ थांबते. गार लागून गेल्यावरही ठणका अर्धा-एक मिनिट रेंगाळत असेल, किंवा गरम लागल्यावर दुखत असेल, तर मात्र त्या दाताची नस आजारी असण्याचा संभव असतो आणि तिथे पेस्ट बदलून भागत नाही.

कडक ब्रश आणि जोर यांनी हिरडी मागे सरकते व दाताच्या मानेशी खाच पडते. ज्यांना स्वच्छतेची मनापासून काळजी असते त्यांच्याच तोंडात हे मी अधिक पाहतो, आणि त्यांना ते सांगताना मला जपून बोलावे लागते, कारण त्यांचा हेतू चांगलाच असतो. दातावर जमणारा जंतूंचा थर मऊ असतो. तो निघायला जोर लागत नाही, ब्रश त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. मऊ केसांचा ब्रश घ्या, तो हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरपा धरा आणि एका वेळी दोन-तीन दातांवर लहान लहान हालचाली करा. मूठ आवळून धरण्याऐवजी ब्रश पेन धरतो तसा बोटांत धरला तर जोर आपोआप कमी होतो. दोन मिनिटे पुरतात, फक्त ती खरोखर दोन मिनिटे असावीत. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका; आम्लाने पृष्ठभाग थोडा वेळ मऊ झालेला असतो, अर्धा तास जाऊ द्या.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावे, प्रौढांसाठी साधारण १००० ते १५०० पीपीएम. शिवशिवण्यासाठी पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइड असलेली पेस्ट घेता येईल, पण तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे नियमित वापर लागतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडणारे पुष्कळ आहेत. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका आणि भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरणे टाळा, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील. एवढ्याने भागले नाही तर उघड्या मुळावर दवाखान्यात वार्निश लावता येते किंवा खाच भरता येते.

तुम्ही फ्लॉसचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो वापरत नसाल असे गृहीत धरतो. दोन दातांच्या मधल्या भिंतींवर ब्रशचे केस पोहोचत नाहीत. तुमच्या दाढेवर कॅप आहे, आणि कॅपची कड जिथे दाताला मिळते ती रेष कॅपमध्ये सर्वांत दुबळी असते. कॅपला कीड लागत नाही. तिच्याखालच्या दाताला लागते आणि त्यात नस नसल्यामुळे कीड लागल्याची सूचना देणारी वेदनाही होत नाही. रूट कॅनाल झालेला दात म्हणूनच इतर दातांपेक्षा अधिक जपावा लागतो. रात्री झोपण्यापूर्वी फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर त्यांत जाणारा छोटा ब्रश, रोज एकदा वापरा. सुरुवातीला रक्त आले तर ते बहुधा हिरडीला सूज असल्याचे लक्षण असते. रक्त येते म्हणून साफ करणे थांबवले की सूज वाढते.

याविषयीचा एक जुना प्रयोग मी रुग्णांना आवर्जून सांगतो. तोही १९६५ मध्येच प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधील आरहूस येथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात साफ करणे पूर्ण थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. त्यांनी पुन्हा सफाई सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात सूज उतरली. हिरडी इतक्या लवकर बरी होते, हे कळल्यावर लोक फ्लॉसला दोन आठवड्यांची संधी द्यायला तयार होतात. मात्र मागे सरकलेली हिरडी अशी आपोआप परत येत नाही, म्हणून ब्रश बदलणे आजच करा.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पहिल्या दंतवैद्यांकडे हा सगळा मजकूर डोक्यात ठेवून गेले आणि त्यांनी न कंटाळता प्रत्येक तपासणी केली.

रूट कॅनाल झालेल्या दाढेला गार बोळा लावला तेव्हा काहीच जाणवले नाही. तिच्या पुढच्या लहान दाढेला लावताच तीच ओळखीची कळ आली. त्या दाढेची हिरडी जवळजवळ दोन मिलिमीटर मागे सरकलेली आहे आणि मुळाशी खाच आहे. ठोकल्यावर मात्र मोठी दाढच दुखली. तिच्याभोवतीची फट सगळीकडे तीन मिलिमीटरच्या आत आहे, खोल जागा कुठेही नाही. स्कॅनमध्ये गालाकडच्या पुढच्या मुळात चौथी नळी स्पष्ट दिसली; ती भरलेलीच नाही आणि सावली त्याच मुळाच्या टोकाशी आहे. दाढ काढण्याचा सल्ला देणाऱ्या दंतवैद्यांना मी स्कॅन दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि "चीर नसेल तर मीही आधी दाढ वाचवण्याचा प्रयत्न करीन," असे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात उपचार सुरू होत आहे. ब्रश बदलून बारा दिवस झाले, नवी पेस्टही सुरू आहे, गार पाणी अजून पूर्ण सोसत नाही. फ्लॉसने पहिले चार दिवस रक्त आले, आता येत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. आताची कॅप काढावी लागेल की तिला भोक पाडून काम होते? आणि या वेळी नवी कॅप किती दिवसांत बसवावी?

पहिला प्रतिसाद देणारी दंतवैद्य

तपासणीचे निकाल वाचून बरे वाटले. न भरलेली नळी, त्याच मुळाशी सावली आणि भोवती उथळ फट, अशी स्थिती असेल तर पुन्हा उपचार करण्यास चांगला आधार आहे.

कॅपला भोक पाडून काम करता येते आणि कॅप घट्ट व कडेला निर्दोष असेल तर तसे करतातही. पण तुमच्या बाबतीत पाच महिने उशीर आणि निघालेले सिमेंट हा इतिहास आहे, म्हणून माझे मत कॅप काढण्याकडे झुकते. ती काढल्याशिवाय खाली कीड आहे का, दात किती उरला आहे आणि एखादी बारीक चीर आहे का, हे खात्रीने दिसत नाही. तुमचे दंतवैद्य प्रत्यक्ष पाहून वेगळे ठरवतील तर त्यांचे ऐका, फक्त कारण विचारा.

नळ्या भरल्या त्याच बैठकीत, किंवा फार तर काही दिवसांत, आतला पक्का भराव करून घ्या. तात्पुरत्या सिमेंटवर दाढ सोडू नका. कॅपसाठी दोन-चार आठवड्यांपेक्षा जास्त थांबण्याचे सहसा कारण नसते, दाढ दुखत नसली तरीही. मध्ये भरावाचा कण जरी निघाला तरी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. एक्स-रे सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी काढावा. सावली हळू भरत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहता येते, वाढत असेल तर मुळाच्या टोकाची लहान शस्त्रक्रिया करून तिकडून ते बंद करण्याचा पर्याय शिल्लक आहे. नळ्या भरल्यावर त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. पुढच्या प्रत्येक एक्स-रेची तुलना त्याच्याशीच करावी लागेल.

लहान दाढेची कळ अजून दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर याच भेटींत तिच्या मुळाची खाच भरून घेता येईल.